हाडोळीतला रंग

डॉक्टर सबनीस वसमतच्या स्टँडवर एसटीतून उतरले, रुमालाने चष्म्यावरची धूळ पुसली आणि परभणीपासून पोटात ठेवलेला प्रश्न विचारला, "खंदारे, या वेळी हळद नाही ना?"

"नाही सर," मी म्हणालो. तो आवाज ऐकून मी स्वतःसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

सबनीस म्हणजे माझे साहेब. पुण्याकडच्या एका औषध कंपनीत रिसर्च लॅबचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखालचा ज्युनिअर मायक्रोबायॉलॉजिस्ट, तोही प्रोबेशनवर. एवढा मोठा माणूस रेल्वे, एसटी असे धक्के खात माझ्या कुरुंद्याला का निघाला होता? तर मी करून ठेवलेले दोन घोटाळे निस्तरायला. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं गेली होती. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा व्हायला पुष्कळ अवकाश होता.

आधी आमचा धंदा सांगतो. आम्ही मातीतून औषध शोधायचो. चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे अगणित जंतू राहतात. एकमेकांचे शेजारी असतात आणि शेजाऱ्यांसारखेच भांडतात. दुसऱ्याने आपल्या हद्दीत येऊ नये म्हणून त्यातले काही जण स्वतःभोवती एखादं द्रव्य सोडतात. ते द्रव्य आपण काढून घेऊन जखमेतल्या जंतूंवर सोडलं तर कधीकधी औषध हाती लागतं. टीबीचं इंजेक्शन असंच आलं. यातली काही द्रव्यं रंगीत असतात. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जंतूने लाल रंग दिला आणि तो रक्ताच्या कॅन्सरवर चालला, ही गोष्ट तेव्हा आमच्या लॅबमध्ये सगळ्यांच्या तोंडी होती. त्यामुळे कुणाच्या प्लेटवर रंग दिसला की सगळे गोळा व्हायचे. प्लेट म्हणजे झाकणाची काचेची बशी. तिच्यात जंतूंचं अन्न खळीसारखं थिजवलेलं असतं. त्यावर मातीचं पाणी पसरलं की काही दिवसांनी जंतूंचे ठिपके उगवतात.

माती आणायची कुठून? आमच्या कंपनीत एक रीत होती. रजा मंजूर झाली की स्टोअरमधून भट्टीत भाजून निर्जंतुक केलेल्या बाटल्या हातात पडायच्या. गावी जा, लग्नाला जा, मयतीला जा, येताना माती आणा. अकाउंट्समधला एक जण लग्नानंतर महाबळेश्वरला गेला आणि तिथूनही बाटल्या भरून घेऊन आला. त्याची बायको कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमात ती गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या सांगण्यात बाटल्या वाढलेल्या असायच्या.

मीही पहिल्या रजेत कुरुंद्याची माती आणली. एक बाटली गणपतराव पाटलांच्या वावरातली. त्यांच्याकडे हळद शिजवायच्या कढया लागतात, त्यांच्या बाजूची काळीभोर माती. दुसरी आमच्या हाडोळीतली.

पाटलांच्या मातीने आल्या आल्या चमत्कार केला. प्लेटवर एका ठिपक्याभोवती सुंदर पिवळा रंग पसरला. पुवाचे जंतू शेजारी पेरून पाहिले तर त्या पिवळ्यात ते वाढेनात. रंगाची जात ओळखायला मी त्यावर सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. पिवळ्याचा लाल झाला. मी प्लेट घेऊन सबनीसांच्या केबिनमध्ये जवळजवळ धावत गेलो आणि म्हणालो, "सर, नवीन पिगमेंट."

सबनीसांनी प्लेट उजेडात धरली. वास घेतला.

"खंदारे, तुमच्याकडे काय पिकतं?"

"कापूस, ज्वारी, हळद सर."

"हळदीत चुना कालवला की काय होतं?"

"कुंकू," मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच मला सगळं कळलं. हळदीच्या राशीत वाढलेला माणूस मी. दर हंगामात माझ्या मायचे हात कोपरापर्यंत पिवळे असत आणि साबण लावला की लाल होत. मातीत हळदीचा चुरा होता. जंतू बिचारा शेजारी नुसता बसलेला होता. हळद पुवाला अटकाव करते हे तर कुरुंद्यात शेळ्यांनाही माहीत असावं. त्या दिवसापासून कँटीनमध्ये चहा देताना विचारायचे, "खंदारेसाहेब, हळद टाकू?"

दुसरी बाटली हाडोळीची. हाडोळी म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या काळी आमच्या लोकांवर गावची मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. त्या चाकरीच्या बदल्यात गावाने दिलेला, कुणालाच नको असलेला जमिनीचा तुकडा, तो हाडोळी. जनावरं तिथेच पडत. आमच्या लोकांनी ते काम टाकून दिलं, धम्म घेतला, पण जमिनीतली हाडं जमिनीतच राहिली. वखर लागला की अजूनही एखादं बरगडीचं हाड वर येई.

"खंदारे, हीच जागा का निवडलीत?" असं सबनीसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, "सर, चुनखडीची, अस्थिमिश्रित, रासायनिक खताचा स्पर्श न झालेली जमीन." खरं कारण असं की त्या सकाळी मी तांब्या घेऊन तिकडेच गेलो होतो आणि बाटली खिशात होती. माती त्या कामाच्या जागेपासून पुरेशी लांबची होती, एवढं विज्ञानाच्या हितासाठी इथे नोंदवतो.

त्या मातीतून एक ठिपका उगवला. वरून राखाडी, खडूच्या भुकटीसारखा. प्लेट उलटी केली तर खालून लालबुंद. मी ती प्लेट झाकून ठेवली. पुन्हा हसं नको. दोन दिवस कुणाला न दाखवता तो ठिपका दुसऱ्या प्लेटवर घेतला, तिथून तिसऱ्या. हळद असती तर रंग मागे राहिला असता. हा जंतूबरोबर चालत गेला. मग धीर करून सोडा टाकला. लालाचा निळा झाला. साधासुधा नाही, गर्द निळा.

सबनीस या वेळी हसले नाहीत. त्यांनी स्वतः पुवाच्या जंतूंवर तपासणी लावली. रंगाभोवती रिकामं वर्तुळ पडलं, म्हणजे तिथे पुवाचे जंतू उगवलेच नाहीत. "काम पुढे न्या," एवढंच म्हणाले. सबनीसांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे इतरांनी हार घालणं.

आणि इथे माझा दुसरा घोटाळा. मला त्या रंगाचं इतकं कौतुक वाटायला लागलं की जो येईल त्याला मी तो दाखवू लागलो. प्रत्येकासाठी नवी नळी. एका नळीतून दुसऱ्या नळीत जंतू उचलून लावणं याला सबकल्चर म्हणतात. ते फार वेळा केलं की काही जंतू आळसावतात, जगतात पण रंग करायचं सोडतात. माझा जंतू एका सोमवारी पांढरा उगवला. सगळ्या नळ्या पांढऱ्या. मूळ माती काढावी म्हटलं, तर बाटली कमी पडली म्हणून मी ती आधीच धुऊन घेतलेली.

सबनीसांनी खुर्ची मागे सरकवली. "हळदीचं प्रकरण वरपर्यंत गेलंय, खंदारे. आता रंग होता आणि गेला असं सांगितलं तर कोण ऐकेल? मी तुमच्याबरोबर येतो. त्याच जागेची माती मी स्वतः घेतो. पुन्हा तोच रंग आला तर ठीक. नाही आला तर फाइल बंद, आणि तुमच्या नोकरीबद्दल मला वर काही बोलता येणार नाही."

म्हणून आम्ही वसमतच्या स्टँडवर उभे होतो.

घरी मी पत्र टाकून कळवलं होतं. साहेब येत आहेत, चहाला साखर कमी घालतात, तिखट चालत नाही, बसायला खुर्ची लागेल. सगळं लिहिलं होतं. मी फार व्यवस्थित माणूस आहे असं मला तेव्हा वाटायचं.

कुरुंद्याच्या फाट्यावर बाबा उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. त्यांच्या शेजारी गणपतराव पाटील. साहेब माती तपासायला येऊन राहिले हे गावभर झालं होतं.

"रामराम साहेब," पाटील म्हणाले. "गाडी जुंपून ठेवली हाय. आधी आमच्या वावरात चला. अशी माती पंचक्रोशीत न्हाई."

"तुमची माती आम्ही पाहिली आहे," सबनीस म्हणाले. "फार रंगीत आहे."

पाटील खूश झाले. मी गाडीच्या चाकाकडे बघत राहिलो.

"मंग आता कुठं जाऊन राहिले?"

"खंदारेंच्या हाडोळीत."

पाटलांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिग्या, अरे काहून साहेबाला तकलीफ देतो? तिथं हाडकाबिगर काय हाय?"

"हाडकंच पाहायचीत त्यायला," बाबा शांतपणे म्हणाले. "चला साहेब."

पाटीलही मागून आले. त्यांना राहवलं नसतं.

हाडोळीच्या बांधावर पोचलो. लिंबाच्या झाडाखाली, मी बरोबर जिथून माती उचलली होती तिथे, माझ्या मायने चार खाटा मावतील एवढी जागा शेणाने सारवून काढली होती. गुळगुळीत, हिरवट, बोटांच्या अर्धगोल रेघा जिथल्या तिथे. कडेने रांगोळी. मधोमध शाळेतून मागून आणलेली खुर्ची. खुर्चीशेजारी पाण्याची घागर, आणि माय पदर सावरून उभी.

"माय," मी म्हणालो, "हे काय केलं?"

"काय केलं म्हंजी? तूच लिहिलं न्हाई का, लिंबाखालची माती घेणार म्हनून? साहेबाला का उघड्या मातीत उभं करावं? आठ दिस झाले, रोज हात फिरवून राहिले."

आठ दिवस. शेणात असतात तेवढे जंतू जगात क्वचित कुठे असतील. माझी नोकरी त्या सारवणाखाली गाडली गेली आणि वरून रांगोळी काढली गेली, असं मला दिसलं. पत्रात साखरेबद्दल लिहिलं होतं, जमिनीला हात लावू नका हे लिहिलं नव्हतं. पण घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडची बाई जमीन सारवल्याशिवाय राहील, असं मला वाटलं तरी कसं?

सबनीस बांधावर थांबले, वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट-मोजे बांधावर ठेवले आणि अनवाणी सारवणावर आले. मायच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मी पुन्हा थेट माझ्या लग्नातच पाहिलं.

"बाई, फार छान सारवलंय," ते म्हणाले. "पण मला हे मोडावं लागेल."

"मोडा की. मी का दागिना करून ठेवलाय?"

सबनीस माझ्याकडे वळले. "चेहरा सरळ करा, खंदारे. शेण वर आहे. आपले लोक खाली असतात. खुरपं आणा."

मी खुरपं भाजून दिलं. त्यांनी स्वतः चौकोन आखला, सारवणाची साल सोलून बाजूला ठेवली, वरची माती टाकून दिली आणि वीतभर खालची माती बाटल्यांत घेतली. थोडं सारवणही वेगळ्या बाटलीत घेतलं. रंग शेणातून आला असं उद्या कुणी म्हणायला नको, यासाठी. हळदीनंतर ते कुणावरच विश्वास ठेवत नव्हते, शेणावरही नाही. पाटलांनी आग्रहच धरला म्हणून त्यांच्याही वावरातली एक बाटली घ्यावी लागली.

मग ते खुर्ची सोडून बाबांशेजारी खाली बसले. बाबांनी तंबाखूची पिशवी पुढे केली. सबनीसांनी हात जोडले.

"साहेब, एक इचारू?" बाबा म्हणाले. "हा जंतू रंग कशाला करतो? त्याला कोन बघायला येतं?"

"बघायला नाही. आपल्या जागेत दुसऱ्या कुणी घुसू नये म्हणून करतो, असा आमचा अंदाज आहे."

बाबांनी तंबाखू मळता मळता हाडोळीवर नजर फिरवली. "बराबर हाय," ते म्हणाले. "जागा कसलीबी असू दे, आपली असली म्हंजी राखावीच लागती."

"आन त्याचं औषध व्हईल?" पाटलांनी विचारलं.

"होईल असं मी म्हणत नाही. शंभर रंग तपासावे तेव्हा एखादा माणसाच्या उपयोगी पडतो. बाकीचे रंग जंतूंनाही मारतात आणि माणसालाही."

"मंग एवढ्या दुरून काहून आले?"

"तो एखादा कुठल्या मातीत असेल ते आधी कळत नाही ना," सबनीस म्हणाले.

लॅबमध्ये परतलो. या वेळी प्लेटा सबनीसांनी स्वतः लावल्या, मला हात लावू दिला नाही. त्या प्लेटा उगवेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. एवढंच सांगतो की कँटीनवाल्याने हळदीचं विचारणं आपणहून बंद केलं. माझं तोंडच तसं झालं असणार.

एका सकाळी सबनीसांनी बोलावलं. टेबलावर तीन प्लेटा उलट्या ठेवलेल्या. सारवणाच्या प्लेटवर जंतूंची जत्रा, पण रंग नाही. पाटलांच्या प्लेटवर पुन्हा थोडं पिवळं. आणि हाडोळीच्या प्लेटवर, एक नाही, अकरा ठिपके. सगळे खालून लाल.

"सोडा तुम्ही टाका," सबनीस म्हणाले.

पहिला थेंब टेबलावरच पडला. दुसरा नेमका पडला. लालात निळी शाई सुटावी तसा रंग फिरला.

"या वेळी सगळ्यांना दाखवत फिरू नका," ते म्हणाले. "आणि माती धुऊ नका."

औषध झालं का? नाही. आम्ही रंग काढला, गाळला, शुद्ध केला. पुवाच्या जंतूंना तो अडवत होता, पण बाजारात तेव्हा असलेली औषधं तेच काम कितीतरी जोरात करत होती. शिवाय तशाच रंगाचा तसाच पदार्थ परदेशात आधीच सापडलेला निघाला. तरी फाइल बंद झाली ती "नापास" म्हणून नाही, "खरं आहे" म्हणून. या धंद्यात दुसऱ्यांदा तोच रंग काढून दाखवणं हीच मोठी परीक्षा, आणि ती आमची हाडोळी पास झाली. या वेळचा जंतू सुकवून, काचेत बंद करून कंपनीच्या संग्रहात ठेवला गेला. नव्या मुलांना शिकवायला पुढे कितीतरी वर्षं तोच काढत. मी नोकरीत कायम झालो.

पुढच्या रजेत सबनीसांनी एक लहान बाटली दिली. जंतू नाहीत, नुसता गाळलेला रंग. "घरच्यांना दाखवा. तेवढा त्यांचा हक्क आहे."

घरी ओसरीवर माणसं जमली. पाटीलही आले. मी दोन बशा ठेवल्या. एकीत हळदीचं पाणी, दुसरीत हाडोळीचा लाल रंग. सोडा आणला नव्हता, पण बाबांची चुन्याची डबी होती.

"बाबा, तुमीच टाका."

बाबांनी चुन्याचं बोट हळदीत फिरवलं. लाल झालं.

"हे तर कुंकू," माय म्हणाली. "हे दाखवायला पुन्याहून आला व्हय?"

"हे पाटलांच्या वावरातलं," मी म्हणालो. "आता आपलं बघा."

बाबांनी दुसऱ्या बशीत बोट बुडवलं. बोटाभोवती निळा रंग उमटला आणि हळूहळू बशीभर झाला. आमच्या वस्तीच्या तोंडाशी जो झेंडा आहे, तोच निळा. माणसं बशीभोवती सरकली. पाटलांनीही पागोटं मागे सारून वाकून पाहिलं.

बाबांनी बोट वर धरलं. चुना आणि निळा, दोन्ही लागलेलं. "किती वर्सं ढोरं वढली तिथं," ते म्हणाले. "आन खाली हे हुतं."

मग त्यांनी विचारलं, "दिगू, तुमच्या हापिसात जंतूच्या काचेवर गावाचं नाव हाय?"

"हाय. कुरुंदा."

"नुसतं कुरुंदा?"

"कुरुंदा, हाडोळी."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

बाबांनी मान हलवली आणि बोट न पुसता तसंच बसून राहिले. जेवायची वेळ झाली तेव्हाच उठले, आणि उजव्या हाताचं असूनही ते बोट धुवायला त्यांनी उशीरच लावला.

उरलेल्या रंगाची बाटली मायने भिंतीवरच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. कुणी विचारलं की ती सांगायची, "आठ दिस सारवलं मी, तवा कुठं रंग आला." मी सूक्ष्मजीवशास्त्रातला पदवीधर. सारवणाची प्लेट वेगळी लावली होती आणि तिच्यावर रंग आला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते मी मायला कधीच सांगितलं नाही.

पण लॅबमध्ये माझ्या हाताखाली जी मुलं आली, त्यांना मात्र माती आणायला पाठवताना एक गोष्ट नेहमी सांगत आलो: जागा कुठली ते घरी कळवू नका. आणि कळवायचंच असेल, तर बूट काढणारा साहेब बरोबर न्या.